सगळं गाव पात्र, मग सासूबाईच अपात्र कशा?

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

"मालक दूध संकलन केंद्रावर कामाला आहेत, मी घरी शिलाई करते. दोघांचे मिळून वर्षाला 1 लाख 40 हजार होतात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आम्ही तेवढेच लिहिले. रेशन कार्ड पांढरं आहे. सासूबाई 68 वर्षांच्या, विधवा. गुडघे गेलेत, एका डोळ्याने नीट दिसत नाही. त्यांचा श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज 'उत्पन्न जास्त' म्हणून परत आला. आमच्या वस्तीत साठेक घरं आहेत. मी मोजलं, तर पन्नासेक घरांत कुठली ना कुठली योजना चालू आहे. मला स्वतःला लाडकी बहीणचे 1500 येतात, ते लपवत नाही. पण शेजारचं घर दोन मजली, दारात नवी मोटारसायकल, आणि त्यांच्या आईला पेन्शन, घरात फुकटचं धान्य. दाखला 21 हजारांचा! एजंट म्हणतो, वहिनी, तुम्हीपण तसाच काढा, हजार रुपये द्या, आठवड्यात हातात देतो. माझे तीन प्रश्न. एवढे लोक खरंच पात्र असतात का? आम्ही खरं लिहून मूर्खपणा केला का? आणि शेजाऱ्यांची तक्रार करावी का?"

ताई, तुमची मोजणी बरोबर आहे. साठात पन्नास घरं हा आकडा ऐकून शहरातल्या माणसाच्या भुवया उंचावतील, पण पुरवठा शाखेत वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला त्यात नवल वाटत नाही. पहिला प्रश्न तुम्ही एका ओळीत विचारलाय, त्याला उत्तर मात्र लांबलचक द्यावं लागणार आहे, कारण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्यातच आहेत.

तुमचं 1 लाख 40 हजारांचं घर घ्या आणि ते एकेका योजनेच्या दारात नेऊन उभं करा. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजनांची मर्यादा वर्षाला 21 हजार. अपंग असतील तर 50 हजार. तिथं तुम्ही श्रीमंत. अन्न सुरक्षा कायद्याखाली रेशनचं धान्य मिळणाऱ्या प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्रात ग्रामीण भागात 44 हजार, शहरात 59 हजार. तिथंही श्रीमंत. केशरी कार्डाची मर्यादा 1 लाख, खासगी शाळेतल्या 25 टक्के राखीव जागांच्या दुर्बल घटकासाठीही 1 लाख. थोडक्यात हुकलात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेला 2 लाख, लाडकी बहीणला अडीच लाख. तिथं तुम्ही गरीब. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या फी माफीला 8 लाख. तिथं तर तुमच्यासोबत तुमच्या गावातले गुरुजीही कदाचित गरीब. घर तेच, चूल तीच, शिलाई मशीनही तेच. बदलतोय तो फक्त समोरच्या कागदावरचा आकडा. म्हणून "किती लोक पात्र" याला एक उत्तर नाही. ज्याने रेषा आखली त्याने, आखतानाच, किती जण आत यायचे ते बऱ्यापैकी ठरवलेलं असतं.

रेषा किती जणांना आत-बाहेर करते याचं मोठं उदाहरण देशाच्या पातळीवर घडून गेलंय. 2011-12 या वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने दारिद्र्यरेषा काढली, ती गावात माणशी महिन्याला 816 रुपये आणि शहरात 1000 रुपये खर्चाची होती. त्या हिशेबाने देशात 27 कोटींच्या आसपास गरीब निघाले. मग 2014 साली रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी रेषा थोडी वर नेली, गावात 972 आणि शहरात 1407 रुपये. गरीब झाले 36 कोटींहून अधिक. वर्ष एकच, देश एकच. गावाकडची रेषा दिवसाला पाच-सव्वापाच रुपयांनी आणि शहरातली साडेतेरा रुपयांनी हलली, आणि नऊ कोटींहून जास्त माणसं गरिबांत मोजली गेली. त्यातल्या कुणाच्याही ताटातली भाकरी त्या अहवालामुळे वाढली नाही की कमी झाली नाही.

आता तुमच्या वस्तीत एवढे लोक का, ते बघू. लाडकी बहीणची अडीच लाखांची मर्यादा ऐकायला मोठी वाटते. केंद्राच्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात 2023-24 साली देशातल्या ग्रामीण भागात माणशी सरासरी खर्च महिन्याला 4122 रुपये निघाला. पाच माणसांचं घर धरलं तर वर्षाला सुमारे 2 लाख 47 हजार. म्हणजे गावातलं अगदी सरासरी घर त्या मर्यादेच्या उंबऱ्यावर उभं आहे. आणि खर्चाची सरासरी ही सहसा मोठ्या खर्चाच्या थोड्या घरांनी वर ओढलेली असते, त्यामुळे निम्म्याहून जास्त घरं तिच्या खाली असतात. अशा ठिकाणी रेषा आखली की गावातली बहुतेक घरं आत येणारच, त्याला लबाडी लागत नाही. योजना जून 2024 मध्ये जाहीर झाली आणि लाभार्थी महिलांचा आकडा अडीच कोटींच्या घरात गेला. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या सगळ्या बायका, तान्ह्या मुली धरून, 5 कोटी 41 लाख होत्या. त्याच्याशी ताडून पाहा. एवढा मोठा आकडा फक्त निराधारांचा असूच शकत नाही, आणि योजना तशी म्हणतही नव्हती. तुमच्या पन्नास घरांतली बरीचशी घरं याच दारातून आत आलेली असतील, तुमच्यासकट.

रेशनचं गणित वेगळं आहे आणि मला विचाराल तर जास्त मजेशीर. तिथं आधी माणसं मोजून मग धान्य ठरत नाही. आधी संख्या ठरते आणि मग ती भरायची असते. 2013 च्या कायद्याने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या जास्तीत जास्त 75 टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या 50 टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरलं; त्यातून प्रत्येक राज्याला वाटा आला. महाराष्ट्राला ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरांत 45.34 टक्के. मिळून साधारण 7 कोटी माणसं. आमच्या खात्यात याला इष्टांक म्हणतात. फेब्रुवारी 2014 पासून राज्यात ही अंमलबजावणी सुरू झाली. आता गंमत बघा. एका हाताने सांगितलं, गावातल्या दर चार माणसांतल्या तिघांना धान्य द्या. दुसऱ्या हाताने सांगितलं, पण घराचं वार्षिक उत्पन्न 44 हजारांच्या आत हवं. पाच माणसांच्या घराला 44 हजार म्हणजे सगळ्या घराला मिळून दिवसाला 120 रुपये, माणशी 24. चारातली तीन घरं खरोखर एवढ्यावर जगत असती तर गावोगाव अन्नान्न दशा झाली असती. मग इष्टांक भरला कसा? भरला, कारण कागदावरचं उत्पन्न 44 हजारांच्या आत आलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. सगळ्यांना ठाऊक होतं की त्याशिवाय यादी पूर्ण होत नाही. अर्जदाराला ठाऊक, दुकानदाराला ठाऊक, आम्हालाही ठाऊक.

तुमच्या शेजाऱ्यांचा दाखला या वातावरणातून आला आहे. त्यांनी केलं ते बरोबर असं मी म्हणत नाही. पण तो एकट्या त्यांचा बेरकीपणा आहे असंही समजू नका.

निराधार आणि श्रावणबाळची 21 हजारांची मर्यादा तर मला सरळ सरळ अन्यायाची वाटते. महिन्याला 1750 रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होता. घरातल्या एकाच माणसाने 68 दिवस खडी फोडली, तर 21,216 रुपये झाले आणि घर अपात्र. तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले 100 दिवस पुरे मिळाले तर 31,200. म्हणजे एका सरकारी योजनेने आपला शब्द पाळला की माणूस दुसऱ्या सरकारी योजनेतून आपोआप बाहेर! अशा रेषेच्या आत खरं बोलून कोण बसणार? ज्यांच्या घरात कुणीच कमावत नाही अशी मोजकी घरं, आणि उरलेले सगळे ज्यांना तलाठ्याने, शेजाऱ्याने, एजंटाने आकडा सुचवला ते. (तलाठ्याला 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून कुणाच्या तोंडी ते बसलेलं नाही, माझ्याही नाही.) मर्यादा इतकी खाली ठेवली की ती गरिबाला श्रीमंतापासून वेगळं करत नाही, खरं लिहिणाऱ्याला खोटं लिहिणाऱ्यापासून वेगळं करते. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत नेमकं तेच झालंय.

एक रुपयाचा कडाही लक्षात घ्या. 21 हजार असेल तर दीड हजार महिना, वर्षाचे 18 हजार. 21 हजार एक असेल तर शून्य. उत्पन्न वाढलं म्हणून मदत हळूहळू कमी व्हावी असं काही नाही, थेट तुटतं. म्हणून आपल्याकडे लोक पगार वाढला तरी दाखल्यावर वाढू देत नाहीत.

याच्या उलट बाजूचीही दखल घेतली पाहिजे, नाहीतर तुमचा समज होईल की सगळीकडे नको तितके लोक आत शिरलेत. पात्र असूनही बाहेर राहिलेले पुष्कळ आहेत. रेशनचा देशाचा आकडा 81 कोटी 35 लाख, तो 2011 च्या जनगणनेवर बांधलेला. कायद्यातच तशी तरतूद आहे, आणि 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची 2027 ची. मधल्या काळात जन्मलेली, लग्न होऊन आलेली, वेगळी निघालेली माणसं 'इष्टांक शिल्लक नाही' हे उत्तर ऐकत राहिली. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीत नाव आहे पण रेशन कार्ड नाही, असे सुमारे 8 कोटी लोक निघाले, तेव्हा 2023 आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की यांना कार्डं द्या. केंद्राच्या वृद्धापकाळ, विधवा आणि अपंग पेन्शनसह सामाजिक सहाय्याच्या सगळ्या योजना मिळून 3 कोटी 9 लाख लाभार्थ्यांची कमाल मर्यादा आहे, आणि त्यात केंद्राचा वृद्धांसाठीचा वाटा 80 वर्षांपर्यंत महिन्याला 200 रुपये आहे. दोनशे. आपल्याकडची बाकीची रक्कम राज्य घालतं म्हणून ती 1500 पर्यंत जाते.

आणि वगळताना कोण वगळलं जातं तेही बघण्यासारखं आहे. लाडकी बहीणची फेब्रुवारी 2025 मध्ये पहिली छाननी झाली, 5 लाख महिला अपात्र ठरल्या. लोकांनी लगेच चारचाकीवाल्या बायकांवर विनोद केले. प्रत्यक्षात त्यातला सगळ्यात मोठा गट, 2 लाख 30 हजार, हा संजय गांधी निराधार योजनेत आधीच असलेल्या महिलांचा होता, आणि 1 लाख 10 हजार 65 वर्षांवरच्या. नियमाप्रमाणे ते बरोबरच. दुसऱ्या योजनेतून 1500 मिळत असतील तर ही मिळत नाही, आणि वयाची अटही लिहिलेली होती. पण अपात्र म्हटलं की डोळ्यासमोर येणारा चेहरा आणि यादीतला चेहरा यांत किती अंतर असतं ते यावरून कळतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 21 हजारांचा दाखला काढावा का? नाही. मी नीतीचे धडे द्यायला बसलेलो नाही, व्यवहाराचंच सांगतो.

दाखल्यासाठी तुम्ही स्वयंघोषणापत्र भरता, त्याखाली सही तुमची असते, एजंटाची नसते. तो हजार रुपये घेऊन पुढच्या घरी जातो. पूर्वी कागद कपाटात पडून राहायचा, आता आधार क्रमांकामुळे एक खातं दुसऱ्या खात्याचं पाहू शकतं. लाडकी बहीणमध्येच गाड्यांच्या नोंदी आणि प्राप्तिकराची माहिती जुळवून पाहिली गेली, आणि जुलै 2025 मध्ये सुमारे 26 लाख जणांचे पैसे थांबवल्याचं सरकारने सांगितलं. आज तुम्ही त्या योजनेत 1 लाख 40 हजारांच्या खऱ्या दाखल्यावर आहात, पांढरं कार्ड असल्यामुळे तुम्हाला तो जोडावाच लागला असणार. पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना तेवढी सूट होती. आता त्याच घराचा, त्याच पत्त्याचा 21 हजारांचा दुसरा दाखला सासूबाईंसाठी काढलात, तर एका घराची दोन उत्पन्नं सरकारदरबारी तुमच्याच सहीने नोंदली जातील. दीड हजारांच्या मागे लागून सध्या हातात येणारे दीड हजार धोक्यात घालू नका.

शिवाय खऱ्या दाखल्याचा उपयोग पुढे आहे. उद्या दुसरं मशीन घ्यायला बँकेत कर्ज मागाल, तर बँक उत्पन्न विचारेल. वर्षाला 21 हजार कमावणाऱ्याला कुठली बँक कर्ज देईल? घरात शिकणारी मुलगी असेल आणि पुढे अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी अशा एखाद्या शाखेला गेली, तर इतर मागासवर्ग, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी 2024-25 पासून पूर्ण माफ आहे, मर्यादा 8 लाख. तिथं 1 लाख 40 हजारांचा सरळ, दरवर्षी सुसंगत वाढत गेलेला दाखला निर्धास्तपणे पुढे करता येतो. वर्षागणिक वरखाली उड्या मारणारा दाखला पाहिला की खिडकीतल्या माणसाची नजर बदलते, हे मी खिडकीच्या आतून सांगतोय.

मूर्खपणा केला का, असं विचारलंत. नुकसान झालं, हे खरं. वर्षाला 18 हजार हे तुमच्या घराच्या उत्पन्नाच्या आठव्या हिश्श्याएवढे आहेत, त्यामुळे "खऱ्याला मरण नाही" वगैरे म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. पण मूर्खपणा तुमचा नाही, मर्यादेचा आहे.

तिसरा प्रश्न, तक्रारीचा. तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहे. तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेची शाखा असते, तिथं लेखी देता येतं. पण दोन गोष्टी समजून मग ठरवा. एक म्हणजे शेजारच्या म्हातारीचं पेन्शन बंद झालं म्हणून तुमच्या सासूबाईंचं सुरू होणार नाही. त्या स्वतःच्या घराच्या उत्पन्नावर अडल्या आहेत, जागा नाही म्हणून नव्हे. धान्याची गोष्ट वेगळी आहे. तिथं इष्टांक असल्यामुळे एक घर बाहेर पडलं की दुसऱ्याला जागा होते. पण ती जागाही 44 हजारांच्या आतल्या घरालाच मिळेल, तुम्हाला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दोन मजली घर दिसतं, त्यामागचं कर्ज दिसत नाही, आणि ते घर कदाचित पुण्या-मुंबईतल्या मुलाने बांधलेलं असतं जो आईला दरमहा काही पाठवतो की नाही देव जाणे. पेन्शन त्या म्हातारीच्या खात्यावर येतं. बंद झालं तर मोटारसायकलवाल्याचं काही अडणार नाही, तिच्या औषधाचं अडेल. मी तुमच्या जागी असतो तर ही तक्रार केली नसती. एजंटाची मात्र केली असती. हजार रुपये घेऊन दाखले विकणारा माणूस गावात मोकळा फिरतो, त्याचं नाव तहसीलदारांना लेखी कळवण्यात मला काही वावगं वाटत नाही.

आता सासूबाईंसाठी खरोखर काय करता येईल.

सगळ्यात आधी ग्रामपंचायतीत जाऊन दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी पाहा. श्रावणबाळला दोन दारं आहेत. एक 21 हजारांच्या उत्पन्नाचं, आणि दुसरं त्या यादीत नाव असलेल्या 65 वर्षांवरच्या व्यक्तींचं. यादी 2002 च्या सर्वेक्षणाची आहे. तेव्हा तुमचे सासरे हयात असतील, घर पत्र्याचं असेल, तुम्ही लग्न होऊन आलाही नसाल. नाव सासऱ्यांच्या नावाने लागलेलं असू शकतं, म्हणून फक्त सासूबाईंचं नाव शोधून परत येऊ नका. सासऱ्यांचं, आडनावाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगसकट, शोधा. मिळालं तर यादीतला अनुक्रमांक असलेला दाखला ग्रामपंचायतीकडून घ्या आणि त्या गटातून नव्याने अर्ज करा. या एका कामाला एक सकाळ गेली तरी चालेल, कारण पेन्शनचं दार उघडायचंच असेल तर ते इथूनच उघडेल. नसलं नाव, तर आजच्या नियमांत 1 लाख 40 हजारांच्या घराला श्रावणबाळ मिळणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो म्हणजे तुम्ही हेलपाटे घालणार नाही.

गुडघे आणि डोळ्यासाठी वयोश्री योजना आहे. 65 वर्षांवरच्या व्यक्तीला चष्मा, काठी, गुडघ्याचा पट्टा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच 3 हजार रुपये खात्यावर येतात. मर्यादा 2 लाख, म्हणजे तुमचा खरा दाखला इथं चालतो. अर्ज सध्या घेतले जातायत का, ते सांगलीला समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारा, आणि सासूबाईंचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते त्याआधी पाहून घ्या. निम्मे अर्ज तिथंच अडतात असा माझा अंदाज आहे.

दवाखान्याचं म्हणाल तर पांढऱ्या कार्डाची भीती आता नको. महात्मा फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या-केशरीपुरती होती, ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. उपचार मात्र योजनेतल्या रुग्णालयात आणि योजनेतल्या यादीतलाच हवा, म्हणून दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. सासूबाई 70 च्या झाल्या की आयुष्मानचं वय वंदना कार्डही काढून घ्या, ऑक्टोबर 2024 पासून त्याला उत्पन्नाची अटच नाही. आणि मिरजेला डोळे दाखवायला एसटीने न्याल तेव्हा अर्धं तिकीट; 75 नंतर पूर्ण माफ. तिथंही कंडक्टर उत्पन्न विचारत नाही, वय विचारतो.

माझा कल आता तुमच्या लक्षात आला असेल. जिथं वय किंवा आजार एवढीच अट आहे तिथं तुमच्या सासूबाई सरळ आत गेल्या, कुणाला हजार रुपये द्यावे लागले नाहीत, शेजाऱ्यांकडे वाकड्या नजरेने पाहावं लागलं नाही. श्रीमंतालाही मिळेल ना, असा आक्षेप घेतात. मिळेल. पण पैसेवाला माणूस एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी रांगेत किती वेळा उभा राहतो? तमिळनाडूने रेशन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आणि गरीब-श्रीमंत यादीचा घोळच घातला नाही, तिथं काही आभाळ कोसळलं नाही. म्हातारपणाच्या पेन्शनला उत्पन्नाची अट काढून टाकणं सरकारला परवडणार नसेल तर निदान 21 हजारांचा आकडा मजुरीच्या दराशी बांधावा, दर वाढला की तो वाढावा. ग्रामसभेत हा ठराव मांडता येतो. तुम्ही साठ घरं मोजलीत, म्हणजे मांडायलाही तुम्हीच योग्य.

शेवटी अर्जाबद्दल. 'उत्पन्न जास्त' हे तुम्हाला तोंडी सांगितलं की लेखी, हे पत्रात नाही. नवा अर्ज कराल तेव्हा पोच घ्या, आणि नाकारला तर कारण लेखी मागा. दाखल्यासारख्या ज्या सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत, त्यांत अर्ज नाकारल्याचं कारण आणि अपील कुणाकडे करायचं हे अधिकाऱ्याने लेखी कळवायचं असतं. पहिलं अपील 30 दिवसांच्या आत करायचं. यादीतलं नाव सापडलं आणि तरी कुणी टोलवाटोलवी केली, तर यादीचा दाखला आणि नकाराचा कागद, दोन्हींच्या झेरॉक्स मला पाठवा. अपिलाचा मजकूर मी लिहून देईन.